तेन्या-वान्या आणि तेन्देन्को

शनिवार, रात्र

आज जपानीचा अभ्यास करताना 'तेन्या-वान्या' या शब्दापाशी बराच वेळ अडकून पडले. वर्षअखेरीची धांदल असो किंवा पाहुणे न कळवता दारात उभे राहिल्यावर घरात उडणारी तारांबळ असो, जपानी माणसाच्या तोंडी हा बोलीतला शब्द सहज येतो. युद्धोत्तर काळात तो सर्वतोमुखी झाला तो शिशी बुन्रोकू यांच्या याच नावाच्या विनोदी कादंबरीमुळे. ती १९४८-४९ मध्ये 'माइनिची शिम्बुन' या दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९५० मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. मला पटते ती अशी, की 'तेन्देन' म्हणजे ज्याचे त्याने, आणि 'वाया' म्हणजे ओसाका-क्योतोकडच्या बोलीत विचका, नासाडी. (आपल्या 'वाया जाणे'शी हा निव्वळ योगायोग, तरी गंमत वाटलीच.) म्हणजे या गोंधळात कोणीही स्वस्थ बसलेले नसते, उलट प्रत्येक जण मन लावून आपापले काहीतरी करत असतो आणि म्हणूनच सगळ्यांचे मिळून काहीच धड होत नाही.

पण हाच 'तेन्देन' ईशान्य जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर 'को' हा तिथला लाडिक प्रत्यय लावून 'तेन्देन्को' होतो आणि तिथे त्याचा अर्थ जिवावरचा आहे: त्सुनामी आली की कोणाचीही वाट न पाहता ज्याने त्याने उंचावर पळायचे. या किनाऱ्याने १८९६ च्या एका लाटेत सुमारे २२,००० माणसे गमावली होती. त्सुनामीचे अभ्यासक यामाशिता फुमिओ यांनी सांगितलेली आठवण मला विसरता येत नाही. १९३३ च्या त्सुनामीत त्यांचे वडील लहानग्या फुमिओला मागे टाकून एकटेच पळाले, आणि पुढे आई त्याबद्दल बोल लावी तेव्हा 'तेन्देन्को' एवढेच उत्तर देत. ऐकायला हे निर्दय वाटते, आणि त्या आईची बाजू मला अजूनही सोडवत नाही.

तरीही ११ मार्च २०११ रोजीच्या त्सुनामीत याच किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरातल्या सुमारे ३,००० शाळकरी मुलांपैकी जवळजवळ सगळी वाचली. उनोसुमाई भागात माध्यमिक शाळेची मुले आधी पळत सुटली, त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेतली निघाली, आणि चढावर मोठ्यांनी लहानांचे हात धरले.