तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या चर्चमध्ये बघण्यासारखं काय आहे?

वेरूळ बघून परतणारे पाहुणे आमच्याकडे चहाला थांबले की हा प्रश्न ठरलेला. पुढे जोडलेलं असतंच, "म्हणजे, गोव्यासारखं काही?"

नाही. गोव्यासारखं काहीच नाही. तिथल्या बॉम जेझू चर्चच्या मागे 1605 सालीच पोर्तुगीज राजवट उभी होती. आमच्या गोदाकाठी कॅथलिक मिशन रुजलं ते 1890च्या दशकात, निजामाच्या मुलखात. फ्रान्सलियन या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे फादर जाकिए घोगरगावला राहिले, त्यांचं नाव अजून घरोघर निघतं. राजाश्रय नाही, पैसा बेताचा. सोन्याचा मुलामा दिलेली वेदी इथे शोधू नका.

भिंत बघा. आराखडा रोमचा: लांबट दालन, टोकाला वेदी, दोन्ही बाजूंना क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाची, चौदा चित्रं. पण गवंडी इथले. वाड्याची भिंत रचावी तशी त्यांनी काळ्या दगडाची ही भिंत रचली. खिडक्यांच्या टोकदार कमानी पाहून लोक 'युरोपियन' म्हणतात. अहो, दौलताबाद-खुलताबादेत टोकदार कमान शतकानुशतकं उभी आहे! आमच्या गवंड्यांना ती शिकवावी लागली नसणार.

दगडांमधला चुना बैलाच्या घाण्यात मळलेला. बैल गोल फिरवून चाकाखाली चुना-वाळू दळायची, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर घालायचा. असा चुना ओल धरतो तशी सोडतोही. भिंत श्वास घेते म्हणा ना.

हे आम्हाला उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी वर्गणी काढून आम्ही आतून सिमेंटचा गिलावा केला, वर गुलाबी ऑइल पेंट. नाताळला चर्च नव्या नवरीसारखं दिसत होतं. दोन पावसाळ्यांत गिलावा फुगला, लोणा लागला, पोपडे पडले. ओल आतच कोंडली होती. वर्गणीच्या यादीत माझंही नाव होतं, त्यामुळे बोलायला तोंड नाही.

भिंतीला टेकलेली जुनी वेदी मात्र वाचली. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, 1965 साली संपली, त्यानंतर मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, लॅटिनऐवजी मराठीत आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले आणि पुढे नवी वेदी बसली. जुनीवर आता फुलदाण्या असतात. माझी आजी तिच्याकडे बघूनच गुडघे टेकायची आणि 'एत कुम स्पिरितु तुओ' हे मिस्सेतलं जुनं लॅटिन उत्तर पुटपुटायची. अर्थ विचारला तर म्हणायची, "देवाला कळतंय, तुला कशाला पायजे?"

पुढच्या वेळी आलात की उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या खिडकीखाली बघा. तिथलं सिमेंट गळून पडलंय आणि दगडांमधला जुना चुना उघडा दिसतो. फक्त नखाने खरवडू नका, रविवारच्या धर्मशिक्षणाची पोरं खरवडतात तेवढं पुरे आहे.