खिंडीखालचा मुक्काम आणि ६०० ग्रॅम पिसं

झाडं संपली तशी पायवाट बर्फात शिरली. दुपारभर डोळे दिपवणारं ऊन होतं, पण सूर्य कड्याआड गेला आणि पाहता पाहता बोटं आखडायला लागली. खिंडीच्या अलीकडे, गोठलेल्या तळ्यापासून जरा वर आम्ही तिघींनी तंबू ठोकला. तळ्याकाठची जागा सपाट आणि मोहात पाडणारी होती. पण थंड हवा जड असते, रात्री ती खोलगट भागात उतरून साचते, म्हणून थोडा चढ चढून वरची जागा घेतली. तंबू उभा राहिल्याबरोबर मी सॅकच्या तळातून स्लीपिंग बॅग काढली, चांगली झटकली आणि पसरून ठेवली. दिवसभर दाबून ठेवलेल्या पिसांना पुन्हा फुलायला वेळ द्यावा लागतो.

या वाटेची तयारी करताना माझा सगळ्यात जास्त वेळ या एका वस्तूच्या निवडीत गेला. खर्चाला मर्यादा होती, सॅक मध्यम आकाराची होती आणि मुक्कामाला पारा शून्याखाली जाणार हे माहीत होतं. कृत्रिम धाग्यांचं भरण असलेली सिंथेटिक बॅग स्वस्त मिळते, ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. सततच्या पावसात मी आजही तीच नेईन. पण शून्याखाली पुरेल इतकी जाड सिंथेटिक बॅग सॅकची निम्मी जागा खाते. म्हणून डाऊन. हंसाच्या किंवा बदकाच्या छातीवरच्या मोठ्या पिसांखाली ही लव असते. तिला देठ नसतो. सावरीच्या म्हातारीसारखा तो चहूबाजूंनी फुललेला पुंजका. त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकून स्थिर राहते आणि ती स्थिर हवाच आपल्या अंगाची ऊब धरून ठेवते. पिसं स्वतः उष्णता देत नाहीत. त्यामुळे गारठलेल्या अंगाने बॅगेत शिरायचं नाही. आधी चार पावलं फिरून, हातपाय हलवून अंगात ऊब आणायची, मग आत जायचं.

डाऊनच्या बॅगेवर ६५०, ७००, ८०० असा एक आकडा लिहिलेला असतो. ती फिल पॉवर. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं ठरावीक दाबाखाली किती घन इंच जागा व्यापतात, हे त्यातून कळतं. आकडा मोठा तेवढी पिसं उंची आणि किंमतही चढी. पण हा आकडा पिसांची प्रत सांगतो, बॅग किती उबदार आहे ते सांगत नाही. त्यासाठी आत किती ग्रॅम पिसं भरली आहेत, हे सोबत पाहावं लागतं. माझ्या बॅगेत ६५० फिल पॉवरचं ६०० ग्रॅम बदकाचं डाऊन आहे. दोघी मैत्रिणींपैकी एकीच्या बॅगेत ८०० फिल पॉवरचं ४९० ग्रॅम हंसाचं. गुणाकार करून पाहिला तर दोन्हींचा फुगवटा जवळपास सारखाच येतो. फरक पडतो तो पाठीवरच्या शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाचा आणि सॅकमधल्या थोड्या जागेचा. कमी खर्चात बॅग हवी असलेल्या कुणालाही मी हेच सांगेन: पिसं मध्यम प्रतीची घ्या, पण भरपूर घ्या. बदकाचं की हंसाचं यात फार अडकू नका. फिल पॉवर आणि वजन सारखं असेल तर ऊबही सारखीच मिळते.

रात्री तंबूत पारा उणे ६वर गेला. मधेच तिसरीचा आवाज आला, "अगं, माझी बॅग उणे पंधराची आहे ना? मग गुडघे का गारठतायत?"

मी हेडटॉर्च लावून तिच्या बॅगेच्या आतली पट्टी वाचली. बाहेर ठळक छापलेला उणे १५ हा 'एक्स्ट्रीम'चा आकडा होता. कम्फर्ट होता अधिक ५. युरोपात आधी ईएन १३५३७ हे मानक होतं, २०१६ साली त्याची जागा आयएसओ २३५३७ने घेतली. दोन्हींत गरम केलेल्या पुतळ्यावर चाचणी घेऊन तापमानं ठरवतात. कम्फर्ट म्हणजे प्रमाण स्त्री सैलपणे, आरामात झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे प्रमाण पुरुष अंग मुडपून आठ तास काढू शकेल ते. एक्स्ट्रीममध्ये जीव वाचण्यापुरतीच हमी, शरीराचं तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. तो आकडा मोठ्या अक्षरांत छापणं मला मुळीच पटत नाही. बॅग घेताना कम्फर्टचा आकडाच धरावा, आणि थंडी पटकन वाजणाऱ्यांनी त्यातही चार-पाच अंश हातचे राखावेत. माझ्या बॅगेचा कम्फर्ट उणे ३ आहे. उरलेल्या तीन अंशांसाठी कोरडे थर्मल, लोकरीचे मोजे आणि कानटोपी मी मुद्दाम वेगळी बांधून आणली होती.

मग टॉर्च तिच्या बॅगेच्या आत धरला. पातळ कापडातून पिसांचे पुंजके गडद दिसत होते, आणि दर वीतभर अंतरावर उजेडाची एक स्वच्छ आडवी रेघ. तिथे आतलं आणि बाहेरचं कापड एकमेकांना शिवलेलं होतं, मधे पीस नाही. तिचा गुडघा अशाच एका रेघेवर येत होता. अशी थेट शिलाई उन्हाळ्याच्या बॅगेला चालते. थंडीच्या बॅगेत दोन कापडांमध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या असाव्यात, म्हणजे प्रत्येक कप्पा चौकोनी खोक्यासारखा राहतो आणि शिलाईवरही पिसांची जाडी मिळते. दुकानात माझी टॉर्चची ही तपासणी ठरलेली असते. चेनच्या आतून पिसांची नळी आणि मानेभोवती भरलेली कॉलर आहे का, तेही हाताने चाचपून पाहते. तिला आम्ही मधे घेतलं, माझं डाऊन जॅकेट दिलं आणि उकळत्या पाण्याची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवायला सांगितली. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला.

मला मात्र झोप येईना. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेतला जॉर्ज फिंच आठवत होता. त्याने बलूनच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून स्वतःसाठी कोट करून घेतला होता. सहकाऱ्यांना आधी त्याचं हसू आलं होतं. तोच फिंच पुढे जेफ्री ब्रूससोबत ८,३०० मीटरच्या वर जाऊन आला. इतकी जुनी, सरळ कल्पना आजही त्याच तत्त्वावर काम करते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अंगाखालची पिसं मात्र वजनाने चेपतात आणि जवळपास निकामी होतात. खालचा गारठा मॅटनेच अडवायचा. मॅट गारठा किती अडवते हे सांगणारा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू, आणि दोन मॅटच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज करता येते: आर २ची फोमची मॅट आणि तिच्यावर आर ३ची हवेची, म्हणजे एकूण ५. बर्फावर झोपायला इतकं तरी हवंच. बॅगेवर वाचवलेले पैसे मी इथे घातले.

सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला श्वासाचं दव गोठून पांढरं झालं होतं आणि हात लागला की भुरभुर खाली पडत होतं. डाऊनचा खरा शत्रू ओल. पुंजके भिजले की एकमेकांना चिकटतात, आतली हवा जाते. म्हणून नाक-तोंड बॅगेबाहेर ठेवायचं, पायांवर पावसाळी जॅकेट पसरायचं, आणि ऊन आलं की निघण्याआधी बॅग उलटी करून वाळवायची. आम्ही तिन्ही बॅगा खडकांवर टाकल्या आणि त्या कोरड्या होईपर्यंत निघालोच नाही.

खिंड ओलांडून उतरताना तिसरीने नव्या बॅगेचा विषय काढला. तिची ऐपत माझ्याएवढीच, म्हणून मी तिला वापरलेली बॅग शोधायला सांगितलं आहे. चांगली जुनी बॅग नव्या स्वस्त बॅगेपेक्षा सरस निघू शकते. फक्त विकणाऱ्याने ती आजवर दाबून ठेवली होती की मोकळी, हे विचारायचं. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली पिसं पूर्वीसारखी फुलत नाहीत. तासभर पसरून जाडी बघायची, वास घ्यायचा, टॉर्च लावून रिकामे कप्पे शोधायचे. नुसती मळून चपटी झाली असेल तर घाबरायचं कारण नाही. डाऊनच्या साबणाने धुऊन, मंद आचेच्या ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून गुठळ्या सुटेपर्यंत सुकवली की बहुतेकदा ती पुन्हा फुलते. याला कित्येक तास लागतात आणि मधेच थांबून चालत नाही. बॅग घेतलीस की धुवायला मी येते, असं तिला सांगून ठेवलंय.