खटला-तक्ता अपडेट ३ : दावरांचं कार्ड अडलंय

मंडळी, दोन आठवडे गायब होतो कारण न्यायमूर्ती दिनशा दावरांनी सगळा तक्ता अडवून ठेवलाय. नवीन लोकांसाठी, मी टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यांतल्या माणसांची कार्डं बनवतोय, वकील निळ्या कार्डावर, न्यायाधीश पिवळ्या, आणि कोण कोणासमोर उभं राहिलं ते लोकरीच्या धाग्याने जोडायचं. भिंतीवरचा रंग निघायला लागला म्हणून आता थर्माकोल आणि टाचण्या, घरचे वैतागलेत तो भाग वेगळा.

तर दावर. पिवळं कार्ड केव्हाच टोचून ठेवलं होतं, जुलै १९०८, टिळकांना सहा वर्षं काळं पाणी, हजार रुपये दंड, झालं. परवा १८९७ च्या आधीच्या खटल्याची बाजू भरायला घेतली आणि बघतो तर काय, हायकोर्टात टिळकांचा जामीन मागणारे बॅरिस्टर हेच दावर! समोर न्या. बदरुद्दीन तय्यबजी, त्यांनी ४ ऑगस्टला जामीन दिला. पुढे न्या. स्ट्रेचींसमोर खटला चालला तेव्हा टिळकांच्या बाजूने कलकत्त्याहून आलेले बॅरिस्टर प्यू साहेब होते. ज्युरीचा (कौल देणाऱ्या पंचांचा) कौल ६ विरुद्ध ३ ने दोषी, शिक्षा १८ महिने.

आणि ११ वर्षांनी बॅरिस्टर जिना याच दावरांकडे टिळकांचा जामीन मागतायत! कलम तेच राजद्रोहाचं १२४ अ, आरोपी तोच, दावर तेवढे खाली उभे होते ते वर जाऊन बसलेत. अर्ज फेटाळला, वर कारणं सांगायचंही टाळलं. खरं सांगू, मला सहा वर्षांपेक्षा हेच जास्त टोचतं. शिक्षा निदान ज्युरीच्या कौलानंतरची (७ युरोपियन दोषी म्हणाले, २ पारशी नाही म्हणाले), पण जामीन पूर्ण त्यांच्या हातात होता, आणि त्यात काय काय मांडता येतं हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक होतं?

असो, कार्डाचं. आधी निळ्यावर पिवळं डिंकाने चिकटवलं, ते पापडासारखं फुगलं. आता पाठीला पाठ लावून स्टेपल केलंय आणि वरच्या कडेला दोऱ्याने लटकवलंय, फिरवलं की वकील, फिरवलं की जज. पंखा लावला की स्वतःच गरगरतं.

पुढचं कार्ड १९१६, जिना पुन्हा टिळकांसाठी उभे आणि या वेळी न्या. बॅचलर आणि न्या. शहांसमोर जिंकले. हिरवी लोकर संपलीये, शनिवारी आणतो.