बॅटरीखाली सरकी

गाडी गॅरेजात शिरली तेव्हा आवाज असा काही नव्हताच. तरी काकाजी उतरल्या उतरल्या म्हणाले, "लय बोंबलून रायली हो भाऊ. एक्सलेटर दाबला का सुरू."

आमचं गॅरेज पांढरकवडा-घाटंजी रस्त्यावर. नोव्हेंबरचे दिवस, कापूस वेचणी जोरात. गाडी जुनी, टर्बो डिझेल, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेली. एका ठिकाणी नवा सायलेन्सर टाकून झाला होता, साडेचार हजार गेले, आवाज तसाच.

बॉनेट उघडलं, पोऱ्याला रेस द्यायला लावली. काही नाही. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं, पॅकिंग फुटलं असतं तर थंड इंजिनवर टकटक आली असती. इंजिन ज्यावर टेकतं ते फाउंडेशनचं रबर बसलं असतं तर गाडी उभ्या जागी थरथरली असती.

उभ्या गाडीला रेस देऊन आवाज शोधायची खोड मलाही होती, बरीच वर्षं. पण ओझं नसलं की टर्बो हवा फारशी दाबतच नाही. मग हवेच्या वाटेत काही फाटलेलं असलं तरी ते बोलेल कसं? मागं ढेपेची चार पोती होती. म्हटलं, "काकाजी, उतरवू नका. बसा, चक्कर मारून येऊ."

पुढच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि सुरू झालं. आधी शिट्टी, मग भात्यासारखी भसभस. आरशात काळा धूर. पाय उचलला की गप्प. इथंच अर्धं काम झालं. चाकाचं बेअरिंग गेलं असतं तर पाय उचलल्यावरही घोंगावत राहिलं असतं, ते वेगाशी बांधलेलं. क्लच घसरत असता तर इंजिन ओरडलं असतं पण गाडीनं वेग धरला नसता. इथं आवाज नुसत्या जोराचा होता, म्हणजे टर्बोची हवा कुठंतरी निसटत होती. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून धूर.

परत येऊन बॅटरीखाली पाहिलं तर सरकीचे दाणे. इंजिनात सरकी?

"गाडी कुठी ठेवता?"

"कापसाच्या खोलीले लागून. भाव येईल म्हणून घरीच ठेवला ना बाप्पा."

रात्री इंजिन कोमट असतं, उंदराला आणखी काय पाहिजे. इंटरकूलरकडं, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडं, जाणाऱ्या होजच्या, रबरी नळीच्या, खालून हात फिरवला. वरून गुळगुळीत, खाली कुरतडून पातळ केलेलं रबर आणि बोटभर चीर. दाब नसला की चीर मिटलेली. भर जोरात अशा होजमध्ये 14-15 पौंड हवा असते, टायरच्या जवळपास निम्मी, तेव्हाच ती उघडायची.

होज यवतमाळहून मागवावा लागला. दुसऱ्या दिवशी बसवला, त्याच चढावर नेला. फक्त इंजिनाचा आवाज, धूर नाही.

जुना होज मी भंगारात टाकत होतो. काकाजींनी हात धरला. पिशवीत घालत म्हणाले, "द्या इकडं. त्या सायलेन्सरवाल्याले दाखवतो."