काकाला दोनच सांग

मंगळवार, रात्री साडेदहा

"आई, काकाला दोनच सांग. तिसरं तो विसरतो."

चिनू हे काही कुचकेपणाने म्हणाला नाही. 'बाहेर ऊन आहे, टोपी घे' असं सांगावं तशा सुरात म्हणाला. वहिनींनी त्याच्याकडे डोळे वटारले, ते मला जास्त लागलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, रवा आणि कोथिंबीर. बास."

बास म्हणाल्या. हे नक्की आठवतंय. तरी दुकानात रवा पिशवीत टाकला, कोथिंबिरीची जुडी वर ठेवली आणि तिथेच उभा राहिलो. तिसरं काय होतं? हिंग? काडेपेटी? मागची बाई म्हणाली, "काका, झालं असेल तर सरका ना." अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की तिसरं नव्हतंच.

दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय. रडावंसंही वाटलं थोडं. कॅश काउंटरवर होतो तेव्हा नोटांची थप्पी बोटांखालून सरकताना शेजारच्याशी क्रिकेटवर बोलायचो, तरी संध्याकाळी हिशेबात रुपयाचा फरक नसायचा. तो माणूस आणि हा माणूस एकच, हे चिनूला कोण सांगणार? त्याने तो पाहिलेलाच नाही. आईने पाहिला होता. असो.

लोक विचारतात, "आता आवाज येत नाहीत ना? मग झालं की!" दुसऱ्या कोणालाच ऐकू न येणारे ते आवाज खरंच येत नाहीत, कित्येक वर्षांत नाही. गोळीने ते काम चोख केलं. पण आवाजांवर चालते ती गोळी ह्या विसरण्यावर फारशी चालत नाही, असं डॉक्टरच म्हणाले. हात थरथरू नये म्हणून देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल तर उलट स्मरणशक्ती आणखी मंदावते. त्यांनी ती हळूहळू कमी केली, तेव्हा थोडं हलकं वाटलं. मात्र आता चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागते. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं.

क्रेपेलिन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने माझ्या ह्या आजाराला नावच 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' दिलं होतं, म्हणजे तरुणपणीच ओढवलेला बुद्धीचा ऱ्हास. १९०८ मध्ये ब्लॉयलर ह्या दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने 'स्किझोफ्रेनिया' म्हटलं, म्हणजे शब्दशः दुभंगलेलं मन. दोन्ही नावं चुकलीच म्हणा. पहिल्यात माणसाचं सगळंच बुडालं, तर दुसऱ्याने लोकांच्या मनात दुभंगलेला माणूस बसवला. रव्याच्या दुकानात खोळंबलेला माणूस कुठल्याच नावात नाही.

मानसशास्त्राच्या बाईंनी चाचणी घेतली होती, आकडे उलटे म्हणायची. सात-दोन म्हटलं की दोन-सात. तीन आकड्यांपर्यंत कसाबसा आलो. चौथ्याला आकडे ओल्या साबणासारखे निसटले. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायचं धाडस झालं नाही. पण तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. परक्या माणसाने मोजलं तर ती तपासणी. घरातल्या पोराला न मोजता आकडा माहीत असावा, हे... चिडायचं तरी कोणावर? आकडा बरोबरच आहे. दोनच.

संध्याकाळी जुनी वही चाळताना मीच कधीतरी उतरवून ठेवलेलं सापडलं. माणसाच्या ध्यानात एका वेळी सातच्या आसपास गोष्टी मावतात, असं मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये मांडलं होतं. २००१ मध्ये नेल्सन कोवनने तो आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे चांगल्या धडधाकट माणसालाही चारच! माझे दोन, त्याचे चार. एवढ्यासाठी मी दुपारभर तोंड पाडून बसलो होतो? आणि दादाला वहिनी चार गोष्टी सांगतात तेव्हा तो किती आणतो, ते सगळ्या सोसायटीला माहीत आहे. फक्त तो विसरला की 'कामाच्या गडबडीत' विसरतो.

हा हिशेब तितका सरळ नाही, हे मलाही कळतं. कॅशवाल्याला कळणारच. पण आजच्यापुरता जुळवला.

आता कुकरचं. वरणाला तीन शिट्ट्या. दुसरी झाली की तिसरी, हे सरळ वाटतं, पण मध्ये बेल वाजली की संपलं. म्हणून ओट्यावर दोन वाट्या ठेवतो आणि शिट्टी झाली की एक शेंगदाणा ह्या वाटीतून त्या वाटीत. माझीच युक्ती. रविवारी वरणाचा पार लगदा झाला, कारण शिट्टी झाली की शेंगदाणा मी तोंडात टाकत होतो. दुसरी वाटी रिकामी आणि मी आपला पहिल्या शिट्टीची वाट बघत उभा. वहिनी हसल्या नाहीत. चिनू खूप हसला, आणि मला ते बरं वाटलं होतं. मग आजच का लागावं?

आत्ता पाणी प्यायला उठलो तर वाटीत शेंगदाण्यांच्या जागी चिंचोके आहेत. मोजले, पाच. शिट्ट्या तर तीनच हव्यात. पाच का ठेवले ते सकाळी चिनूला विचारायचं. म्हणून इथे लिहून ठेवतोय.