पोतेऱ्याच्याही कामाचं नाही

गणपती पंधरा दिवसांवर आले की आमच्याकडे माळा रिकामा करायचा कार्यक्रम असतो. माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीचं सामान, समया, चौरंग, मागच्या वर्षीच्या मखराचे तुकडे असं सगळं खाली येतं आणि त्याच्या मागोमाग येतात कपड्यांच्या पिशव्या. यंदा तीन निघाल्या, गच्च भरलेल्या. मुंबईची आत्या आणि तिच्या सुना गणपतीला नाहीतर मे महिन्यात येताना एक तरी बॅग "वापरलेले पण चांगले आहेत हां" अशा कपड्यांची आणतात, गावात कोणाला तरी होतील म्हणून. देवगडकडच्या प्रत्येक घराला अशी एक आत्या असतेच आणि तक्रार करायला मला तोंडही नाही, लहानपणी माझे निम्मे फ्रॉक त्याच बॅगेतून आलेत.

पण आता ते कोणालाच होत नाहीत. घरी कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या हसल्या, "नको गो बाय, माझ्या झिलान ऑनलाइन मागवल्यान." झील म्हणजे मुलगा. दीडशे-दोनशे रुपयात टॉप घरपोच मिळतो तर दुसऱ्याचा उतरलेला कशाला घालतील, बरोबरच आहे त्यांचं. पूर्वी दारावर बोहारीण यायची, तीन साड्या घेऊन एक पातेलं द्यायला अर्धा तास घासाघीस करायची, ती आमच्याकडे यायची बंद होऊनही जमाना झाला.

मग आई म्हणाली शेजारच्या काकीकडे नेऊ, गोधड्या शिवते ती. काकीने पहिला टॉप उचलला, दोन बोटात चोळला, मग तांब्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं. पाणी घरंगळून सरळ तिच्या पायावर. "हेचा पोतेरा पण होवचा नाय," म्हणाली आणि टॉप परत पिशवीत कोंबला.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण खरंच, आमच्या घरात कपड्याला शेवट होता. आजीचं लुगडं बसायच्या जागी विरलं की तेवढा भाग काढून दोन लुगड्यांचे धड तुकडे जोडायचे, त्याला दांड घालणं म्हणायचे. दांडाचं लुगडंही गेलं की गोधडी. आजोबांचं धोतर मऊ झालं की घरात येणाऱ्या बाळाची दुपटी आणि बाळोती. मग फडकं, मग पायपुसणं, मग पोतेरं, बोट कापलं की चिंधी, आणि अगदीच काही उरलं नाही की चुलीत. त्याला कोणी सस्टेनेबल वगैरे म्हणत नव्हतं, पैसे नव्हते म्हणून करत होते, उगाच त्याचे गोडवे गायचे नाहीत मला, आजीला विचारलं असतं तर तिने आनंदाने नवं लुगडं घेतलं असतं.

आजोबा मुंबईत मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, आमच्या वाडीतले निम्मे पुरुष गिरणगावातच होते म्हणा ना. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले एक आमचे आजोबा, ते एक पत्र्याची पेटी घेऊन गावाला आले ते कायमचेच. मिल गेली तरी हात मिलमधलाच राहिला, कोणी नवीन शर्ट घालून आलं की बोलता बोलता बाहीचं कापड चिमटीत धरून पोत बघायचे आणि भेसळ वाटली की शिवणीतला एक दोरा ओढून काडेपेटीने जाळायचे. सुती असला की कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात भुगा होते. पॉलिएस्टर जळत कमी आणि वितळतं जास्त, शेवटी काळा टणक मणी राहतो. आई वैतागायची, लोकांच्या कपड्यातले दोरे काय काढता म्हणून.

तर त्या रात्री मी आणि आई निरांजन लावून बसलो आणि तिन्ही पिशव्यांतल्या प्रत्येक कपड्याचा एक दोरा जाळला. एकूण एक्केचाळीस नग, त्यातले धड सुती नऊ. बाकी मणीच मणी, एका ताटलीत जमवले तर उंदराच्या लेंड्यांसारखे दिसत होते. गंमत म्हणजे काहींच्या लेबलवर मोठ्ठं कॉटन लिहिलेलं आणि खाली बारीक अक्षरात ब्लेंड, म्हणजे सुतात पॉलिएस्टर मिसळलेलं. हे ब्लेंड प्रकरण म्हणजे चहातलं दूध, एकदा घातलं की घातलं, परत वेगळं काढायचं तर महागडी रसायनं आणि मोठी यंत्रणा लागते. म्हणून जुन्या कपड्याचा पुन्हा नवा कपडा होणं जवळजवळ घडतच नाही, एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात ते प्रमाण एक टक्क्याहून कमी दिलंय. दुकानात हिरवा टॅग लावून रिसायकल्ड पॉलिएस्टर म्हणून जे विकतात ते बहुतेक सगळं पाण्याच्या बाटल्यांपासून होतं, जुन्या कपड्यांपासून नाही. माझ्याकडे तसला एक टीशर्ट आहे, केवढी मिरवले होते तो घालून.

आता जगात जेवढा धागा तयार होतो त्यातला निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे, कापूस साधारण पाचवा हिस्सा. पॉलिएस्टर म्हणजे शेवटी खनिज तेलच. आणि कापूस तरी कुठे साधू आहे, एका टीशर्टच्या कापसाला २,७०० लिटर पाणी लागतं असा हिशोब सांगतात, म्हणजे आमच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या जवळजवळ पावणेतीन. वर फवारण्या वेगळ्या. त्यामुळे सुती घ्या आणि सुटा इतकं सोपं काही नाहीये.

शिवाय कोकणातल्या पावसाचं काय करायचं ते शहाण्या लोकांनी सांगावं. जुलैमध्ये सुती परकर चार-चार दिवस दोरीवर लोंबकळतो, कुबट वास मारतो, काळे ठिपके पडतात ते वेगळेच. पॉलिएस्टरचा कुर्ता रात्री पिळून टाकला की सकाळी अंगात. मी स्वतः पावसात तेच घालते, आणि ज्यांना शेतात चिखलात उभं राहायचंय किंवा बोटीवर जायचंय त्यांना कोण नको म्हणणार.

पण धुतल्यावर त्यातून बारीक तंतू सुटतात, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे. समुद्रात थेट बारीक कणांच्या रूपात जे प्लास्टिक जातं त्यातलं सुमारे ३५ टक्के सिंथेटिक कपडे धुण्यातून येतं असा आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा २०१७ चा अंदाज आहे. हे वाचलं तेव्हा पहिली आठवण झाली ती आमच्या वॉशिंग मशीनच्या पाइपची. इकडे सगळ्यांचीच पद्धत, सांडपाणी माडाच्या आळ्यात. आमचाही पाइप माडालाच जातो आणि त्याच्या पुढे पऱ्या आहे जो सरळ खाडीला मिळतो. पाइपच्या तोंडाला जुना नायलॉनचा सॉक्स बांधून बघितला, आठवड्याने काढला तर आत राखाडी रंगाचा चिकट लगदा, ओल्या कापसासारखा. त्यात सगळं काही अडकत नसणार, बारीक ते जातच असणार. आणि तो लगदा काढून टाकायचा कुठे हा पुढचा प्रश्न, सध्या डब्यात साठवतेय.

घानामध्ये अक्रा शहरात कांतामांतो म्हणून जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे, युरोप-अमेरिकेतून गाठोडीच्या गाठोडी येतात. तिकडे त्या कपड्यांना जे नाव आहे त्याचा अर्थ होतो मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. म्हणजे इतके चांगले कपडे जिवंत माणूस कशाला टाकेल, तो मेलाच असणार. आता येणाऱ्या गाठोड्यांतला बराच माल विकायच्या लायकीचाच नसतो आणि तो गटारात, समुद्रकिनाऱ्यावर जातो. वाचता वाचता माळ्यावरच्या पिशव्यांकडे बघितलं. आत्याची एसटीतली बॅग आणि ते गाठोडं, फरक फक्त जहाजाचा.

आपल्याकडे पानिपतला लोकरी आणि मिश्र चिंध्या पिंजून, त्याचं सूत काढून ब्लँकेट करतात, तिथे पाठवता आलं तर बरं म्हणून चौकशी केली. एक्केचाळीस कपड्यांचं पार्सल कोण घेतंय, तिथला हिशोब टनांत चालतो.

नऊ सुती कपडे आणि आईच्या दोन जुन्या साड्या काकीने घेतल्यात. कडेने धावदोरा घालत घालत ती आत आत येते, चौकोनात चौकोन, टाका तांदळाएवढा, आणि साडीच्या काठातूनच ओढून काढलेला दोरा वापरते. बाकीचे बत्तीस परत पिशवीत. आई म्हणते माळ्यावर टाक, मी म्हणते आत्याला परत दे, अजून ठरलेलं नाही आणि पिशवी पडवीत पडून आहे, मांजर झोपतं तिच्यावर.

गोधडी अर्ध्यावर अडकलीय, वरच्या थराला अजून एक साडी कमी पडतेय. ओळखीत कोणाकडे जुनी सुती साडी पडून असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन. फक्त आधी एक दोरा जाळून बघा.