प्लेट बुलेटप्रूफ आहे का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, ट्रेनमध्ये, ग्राहकाच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे एकच: "तुमची पोलादी प्लेट बुलेटप्रूफ आहे ना? हो की नाही, तेवढं सांगा." मी उलट विचारतो, कुठली गोळी, किती वेगाची, किती अंतरावरून? लगेच समोरच्याला वाटतं, हा टाळतोय. टाळत नाही हो. उत्तरच तसं आहे.

पाणी दिलेली, ५०० ब्रिनेल (कठिणता मोजायचं माप) कठिणतेची, साडेसहा मिलिमीटरची प्लेट घ्या. पिस्तुलाची ९ मिमी तिच्यावर आपटून फुटते, रंग तेवढा उडतो. एके-४७ ची साधी गोळी सहसा अडते. एसएलआर रायफलची ७.६२ मिमी, साडेनऊ ग्रॅमची, सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास येणारी, तीही अडते. इथवर सगळे खूश असतात.

त्या दिवशीही होते. पहाऱ्याच्या चौकीसाठी प्लेट हवी होती, कागदावर ७.६२ एवढंच. त्या गोळ्या मारून झाल्या. प्लेटवर शिशाचे चंदेरी डाग, बोट फिरवलं तर खळगा जेमतेम लागेल इतका. फुटलेलं शिसं मात्र प्लेटला समांतर चौफेर उडतं. बाजूची प्लायवूडची चौकट करवत फिरवल्यासारखी कापली गेली होती. चहा आला. मी म्हटलं, रायफलची लहान गोळी, ५.५६ मिमी, तीही मारून बघू. एम १९३ जातीची, साडेतीन ग्रॅमची, आत नुसतं शिसं, लांब नळीतून. ग्राहकाकडचे अधिकारी हसले. "मोठी अडली, आता ही काय करणार?"

वेगाचा आकडा सेकंदाला ९९० मीटरच्या वर आला. जवळ जाऊन बघतो तर आरपार. भोक गोल, स्वच्छ. मागे लावलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्राही फाटलेला, आणि त्यामागच्या वाळूत प्लेटमधूनच निघालेली पोलादाची छोटी चकती. मी ती उचलून दाखवली. कुणी हातात घेतली नाही. "प्लेटच बोगस आहे," एवढं बोलून मंडळी उठली. परतीच्या वाटेवर गाडीत आमचे साहेब बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं?" ऑर्डर गेली.

प्लेट बोगस नव्हती. त्या गोळीची ऊर्जा ७.६२ च्या जेमतेम निम्मी. पण आघात इतक्या झटक्यात होतो की पोलादात तयार झालेल्या उष्णतेला पसरायला सवड मिळत नाही. एका अरुंद कड्यापुरता धातू मऊ पडतो आणि तिथूनच कापला जातो. म्हणून गोळी किती जड, यापेक्षा किती वेगात आली हे या पोलादाला जास्त जाचतं. जाडी वाढवा म्हणाल, तर दर मिलिमीटरला चौरस मीटरमागे जवळपास आठ किलो. चौकीला खपून जाईल. गाडीच्या दाराला बिजागऱ्या तक्रार करतात.

नोकरीला लागलो तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, कागदावर नव्हतं ते मारलंस कशाला? आणि मारलंसच, तर पोलादी गाभ्याची चिलखतभेदी का नाही मारलीस? तीही गेलीच असती. थांबायचं कुठे हे तूच ठरवणार का? मी म्हणतो, चौकीतल्या जवानाला समोरचा काय मारणार हे कागद वाचून ठरत नाही. तो म्हणतो, भाषण नको, रेषा कुठे आखतोस ते सांग. तिथे माझी बोलती बंद होते, हे खरं.

एनआयजे ही अमेरिकेच्या न्याय खात्याची संशोधन संस्था. तिच्या २००८ च्या बुलेटप्रूफ जाकिटांच्या मानकात रायफलच्या पहिल्या पातळीला फक्त ७.६२ होती, २०२३ च्या नव्या मानकात तिच्या जोडीला हीच ५.५६ आली, वेग सेकंदाला ९९० मीटर. साहेबांना मुद्दाम दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाले, "हे जाकिटांचं आहे. आपण चौक्या करतो."

तेही बरोबरच आहे म्हणा.